पितळ उघडेच होते : कसबा पेठेतील घरांचा सोनेरी इतिहास

एखाद्याचे ढोंग उघडकीस आले की मराठीत 'त्याचे पितळ उघडे पडले' असे म्हणतात. हा वाक्प्रचार इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागचे दृश्य आता आपल्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. वर सोन्याचा पातळ थर आहे, खाली पितळ आहे. वापराने वरचा थर झिजतो आणि आतला हलक्या मोलाचा धातू दिसू लागतो. या दृश्यात सोने म्हणजे सत्य, पितळ म्हणजे असत्य आणि थर देणारा कारागीर म्हणजे फसवणुकीतला भागीदार, अशी वाटणी आधीच होऊन गेलेली आहे. भाषेने पितळाविरुद्ध दिलेला हा निकाल आपण पिढ्यान्पिढ्या वापरतो; तो पुन्हा तपासून पाहण्याची गरज मात्र कोणाला वाटलेली दिसत नाही.

प्रस्तुत लेखात हा निकाल एका विशिष्ट ठिकाणी नेऊन तपासायचा आहे. ते ठिकाण म्हणजे पुण्याची कसबा पेठ. पुणे शहराची ही सर्वांत जुनी वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपती इथला, लाल महालाची जागा इथली आणि तांब्या-पितळेवर हातोडा चालवणाऱ्या कारागिरांची तांबट आळीही इथलीच. ज्या पेठेने शहराची घरे पिवळ्या धातूने भरून टाकली, त्या पेठेतल्या घरांत पितळ कधी झाकलेलेच नव्हते. ते उघडेच होते आणि उघडे असण्यातच त्याची शोभा होती.

हा विषय आज घ्यावासा वाटण्याचे कारणही आजचेच आहे. कसब्यातले जुने वाडे पाडून उभ्या राहणाऱ्या इमारतींत, आणि पुण्यात सर्वत्रच, न्हाणीघरातल्या नळांना, दारांच्या मुठींना, दिव्यांच्या दांड्यांना 'गोल्ड फिनिश' देण्याची हौस अलीकडे वाढली आहे. 'अँटिक गोल्ड', 'रोझ गोल्ड', 'ब्रश्ड गोल्ड' अशी त्याची नावे. हौसेला आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण या सजावटीला 'पेशवाई थाट' किंवा 'वाड्याचे वैभव' अशी विशेषणे जोडली जातात, तेव्हा तो इतिहासाविषयीचा दावा होतो. आपले पूर्वज सोनेरी घरांत राहत होते आणि आपण त्या घरांकडे परत चाललो आहोत, असा हा दावा आहे. तो कितपत टिकतो?

कसब्याच्या परंपरेत सोन्याचा पहिला उल्लेख घराच्या संदर्भात येत नाही. तो शेताच्या संदर्भात येतो. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले आणि गावावरून गाढवाचा नांगर फिरवला, असे परंपरा सांगते. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी पुण्यात आल्यावर त्याच भूमीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर चालवून वस्ती पुन्हा बसवली, अशी आठवण कसब्याने आजवर जपली आहे. या कथेच्या ऐतिहासिकतेची चर्चा इथे करायची नाही. तिच्यातली कल्पना पाहण्यासारखी आहे. सोने इथे भिंतीला लावलेले नाही, अंगावर मिरवलेले नाही. ते मातीत घातले आहे, तेही अपवित्र ठरवलेली जमीन पुन्हा राहण्याजोगी करण्यासाठी. शुद्धी करणारा धातू म्हणून सोने, ही भूमिका पुढेही टिकली. सोने देवाचे, सोने अंगावरचे, सोने पेटीतले. पर्वतीवरच्या देवदेवेश्वराच्या देवळात नानासाहेब पेशव्यांच्या काळी शंकराची मूर्ती चांदीची आणि पार्वती-गणपतीच्या मूर्ती सोन्याच्या बसवल्या गेल्या. शिवकालीन नाण्यांतही हीच विभागणी दिसते : होन सोन्याचा, शिवराई तांब्याची. होन खजिन्यात आणि मोठ्या व्यवहारात. शिवराई बाजारात, रोजच्या हाताळणीत. घर ही रोजच्या हाताळणीची जागा असल्याने तिथे तांब्याचा आणि त्याच्या पोटी जन्मलेल्या पितळेचा संसार असणे साहजिक होते.

मग पेशव्यांच्या वाड्यांचे काय? कसब्याला लागूनच असलेल्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. आत गणेशमहाल, आरसेमहाल, हस्तिदंती महाल, नाचाचा दिवाणखाना अशा दालनांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. वैभव नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत वाड्याचा लाकडी भाग जळून गेला आणि उरले ते दगडी जोते, तट, बुरूज, दरवाजे आणि कारंज्यांचे अवशेष. म्हणजे ज्या वास्तूवरून आपण 'पेशवाई थाटा'ची कल्पना करतो, तिचे अंतरंग जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच नाहीसे झाले. ही रिकामी जागा पुढे साहित्याने भरली. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ मध्ये आली, ना. सं. इनामदार यांची 'राऊ' १९७२ मध्ये. या कादंबऱ्यांनी मराठी मध्यमवर्गाला पेशवाईचे एक दृश्यरूप दिले : झुंबरे, समयांचा उजेड, भरजरी वस्त्रे, मंद सुगंध. 'राऊ'वर आधारलेल्या 'बाजीराव मस्तानी' या २०१५ च्या हिंदी चित्रपटाने तेच रूप शतपटीने उजळले आणि आरशांनी व सोनेरी रंगाने लखलखणारा महाल पडद्यावर उभा केला. आजच्या सजावटकाराला आणि त्याच्या ग्राहकाला जो शनिवारवाडा दिसतो, तो बहुधा हा तिसऱ्या हाताचा शनिवारवाडा असतो. आगीच्या आधीचा वाडा पाहिलेला माणूस आज नाही. आगीनंतरचा सेट मात्र सर्वांनी पाहिला आहे.

जे उरले आहे, ते काय सांगते? दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८०७ चा. त्याच्या दर्शनी भागात आणि दिवाणखान्यात सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे सागवानी खांब आहेत, त्यांवर केळफुलाचे कोरीवकाम आहे. नाना फडणीसांच्या वाड्यातल्या दिवाणखान्याची ओळखही अशाच खांबांनी आणि नक्षीदार लाकडी कामाने होते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर हत्तीच्या धडकेपासून रक्षण व्हावे म्हणून बसवलेले लोखंडी खिळे आहेत. लाकूड लाकडासारखे दिसते, लोखंड लोखंडासारखे दिसते. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या वास्तूंचा अलंकार वस्तूच्या अंगातून फुटलेला आहे, तो वरून चढवलेला नाही.

कसब्यातल्या मध्यम वाड्यात सोनेरी रंग नेमका कुठे होता, हे आता पाहू. दिंडी दरवाजातून आत, देवडी ओलांडून चौकात, चौकातून ओसरीवर आले की झोपाळा दिसे. त्याच्या कड्या पितळेच्या. पुढे माजघर, देवघर. देव्हाऱ्याच्या दारांवर पितळी फुल्या, छतापासून टांगलेला लामणदिवा, खाली समया, निरांजन, घंटा. स्वयंपाकघरात फळीवर ओळीने मांडलेले डबे, पिंप, हंडे, कळश्या, पराती, ओगराळी. बैठकीत पानाचा डबा, अडकित्ता, तस्त. आणि न्हाणीघरात बंब. बंब म्हणजे पाण्याचे उभे तांब्याचे भांडे. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेली नळी. नळीत ढलप्या आणि निखारे, तळाशी राख पडण्याची जाळी, पुढच्या अंगाला पितळेची तोटी. तोटीखाली घंगाळे. आज ज्याला 'बाथरूम फिटिंग' म्हणतात, त्याचा पुणेरी पूर्वज हाच. तांबट आळीची प्रसिद्धी ज्या वस्तूंवर उभी राहिली त्यांत बंब अग्रभागी होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळ्या कसब्यात पितळ नांदत होते असे मुळीच नाही. याच पेठेत कुंभारवाडा आहे, कागद करणाऱ्यांचा कागदीपुरा होता, बुरूड आळी आहे. ज्यांच्या घरी मातीची घागर आणि लाकडाची काठवट होती, त्यांच्या दृष्टीने शेजारच्या वाड्यातली पितळी ओळ हेच वैभव होते. शिवाय सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांत धातूचे भांडे घासून, विस्तव दाखवून शुद्ध होते, मातीचे टाकून द्यावे लागते. त्यामुळे धातूंच्या उतरंडीमागे जातींची उतरंडही उभी होती. पितळेचा गौरव करताना तिचे हे सामाजिक वजन विसरून चालणार नाही.

आता हे पितळ घडवणाऱ्यांकडे वळू. 'तांबट' या शब्दाचे नाते संस्कृत 'ताम्रकुट्ट' या शब्दाशी जोडले जाते. 'कुट्ट' म्हणजे ठोकणारा. झाडावर बसून 'टुक् टुक्' असा एकसुरी आवाज करणाऱ्या पक्ष्यालाही मराठीने तांबटच म्हटले आहे. इंग्रजीतही त्याचे नाव ताम्रकारावरूनच पडले आहे. दोन्ही भाषांना तोच आवाज ऐकू यावा, ही त्या हातोडीची कीर्ती. पुण्याचे तांबट मूळचे कोकणातले आणि पेशवाईत ते पुण्यात स्थिरावले, असे त्यांची परंपरा सांगते. त्या काळी त्यांच्या हाताला लागणारे तांबे बहुतांशी समुद्रमार्गाने येई. डच कंपनीच्या जहाजांतून जपानचे तांबेही हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरत असे. म्हणजे कसब्यातल्या एखाद्या हंड्यात जपानी खाणीतला धातू मिसळला असण्याचा संभव आहे.

तांबटांच्या कामाचा आत्मा म्हणजे मठारकाम. भांड्याला आकार आला की ते लोखंडी आधारावर चढवून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर एकाशेजारी एक असे ठोके ओळीने द्यायचे. एक ओळ पुरी झाली की तिला चिकटून दुसरी. तापवल्याने नरम झालेला पत्रा या ठोक्यांनी घट्ट होतो, पोचा येत नाही. म्हणजे हे काम आधी उपयोगाचे आहे. पण प्रत्येक ठोक्याने एक लहान, किंचित खोलगट आरसा तयार होतो आणि असे शेकडो आरसे समईच्या ज्योतीला निरनिराळ्या कोनांतून परत फेकतात. जो झगमगाट चित्रपटाला काचा लावून उभा करावा लागला, तो कसब्यातल्या कळशीच्या अंगावर हातोडीने उमटवलेला होता. 

या आळीच्या आडनावाचा एक माणूस कलेच्या इतिहासातही गेला आहे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी पुण्यात काम करणारा गंगाराम तांबट हा तो चित्रकार. वेरुळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्याच्या हाताला रेषेची शिस्त घरच्या धंद्यातून लाभली की काय, हा तर्क मोहक आहे. पण तो तर्कच ठेवू.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. जस्ताचे प्रमाण तीस-पस्तीस टक्क्यांच्या आसपास असले की नेहमीची पिवळी पितळ मिळते. ते दहा-पंधरा टक्क्यांवर आणले की रंग सोन्याच्या इतका जवळ जातो की नवख्या नजरेला फरक कळत नाही. अशा मिश्रधातूला युरोपात 'टॉम्बॅक' म्हणतात. तो शब्द मलय भाषेतल्या 'तेंबागा'वरून गेला आणि 'तेंबागा' आला तो आपल्याकडच्या 'ताम्र'च्या कुळातून. म्हणजे नकली सोन्याचे युरोपीय नाव तांबट आळीचे दूरचे नातेवाईक निघते! तांबटाला हवे असते तर त्याला सोन्यासारखी पितळ करता आली असती. पण गिऱ्हाईकाला ते नकोच होते. त्याला हवी होती टिकणारी, ठोकता येणारी, आतून कल्हई करता येणारी आणि वेळ आली तर वजनावर विकता येणारी पितळ.

आता चकाकीचा प्रश्न. पितळ हवेत काळवंडते, चिंचेने घासली की पुन्हा पिवळी होते. घासली नाही तर आठवड्यात मलूल दिसू लागते. म्हणून वाड्यातला सोनेरी रंग ही वस्तूची अवस्था नव्हती. ती रोजची क्रिया होती. चिंच, राख, लिंबाच्या साली, कोकम आणि पुढे बाजारातली 'पितांबरी' ही त्या क्रियेची साधने, आणि बायकांचे व मोलकरणींचे हात हे तिचे कर्ते. सणाच्या आदल्या दिवशी चौकात भांड्यांचा ढीग पडे, तो संध्याकाळपर्यंत उजळून फळीवर जाई. 'लख्ख' हा शब्द मराठीत या कामासाठीच जन्माला आला असावा, असे वाटते. या श्रमाचे गोडवे गाणे सोपे आहे, कारण आज ते कोणाला करावे लागत नाहीत. बोटांना पडणाऱ्या भेगा आणि दुखणारी कंबर यांची नोंद वाड्यांच्या वर्णनात सहसा आढळत नाही. स्टीलची भांडी आली तेव्हा घराघरांतल्या स्त्रियांनी त्यांचे स्वागत केले, ते काही अभिरुची ढासळल्यामुळे नव्हे.

मात्र या धातूवर त्याच स्त्रियांची एक खूण होती. लग्नात, डोहाळजेवणात, वाण म्हणून, आहेर म्हणून दिलेल्या भांड्यावर दुकानदार नाव घालून देई. बारीक छिन्नीने टिंबाटिंबांनी उमटवलेली देवनागरी अक्षरे : कोणी दिले, कोणाला दिले, कधी दिले, कशानिमित्त दिले. मजकूर दोन ओळींचा. परंतु ज्या स्त्रियांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, पुस्तकावर नव्हते, दारावरच्या पाटीवर नव्हते, त्यांचे नाव परातीच्या काठावर होते. वाङ्मयाचे अभ्यासक म्हणून आपण शिलालेख वाचतो, ताम्रपट वाचतो. राजाने ब्राह्मणाला गाव दिले की तो ताम्रपट होतो आणि आईने मुलीला हंडा दिला की ती नुसती भांडीकुंडी होतात! खरे पाहता दोहोंतही दान आहे, दाता आहे, प्रतिग्रहीता आहे, तिथी आहे आणि धातूही एकाच कुळातला आहे. कसब्यातल्या स्त्रियांचा हा लेखनसंग्रह कोणत्याही दप्तरखान्यात ठेवलेला नव्हता. तो रोज चिंचेने घासला जात होता आणि घासून घासून हळूहळू अस्पष्टही होत होता.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे भाषेकडे येऊ. घरात पितळ उघडी होती तर भाषेत ती 'उघडी पडते' कशी? याचे उत्तर असे दिसते की हा वाक्प्रचार स्वयंपाकघरात तयार झालेला नाही. तो सराफाच्या पेढीवर तयार झालेला आहे. तिथे खऱ्याखोट्याची पारख हाच धंदा. सोन्याचा थर देण्याच्या कलेशी निगडित शब्द मराठीत पाहावेत. 'मुलामा' मूळचा अरबी 'मुलम्मा'. चमकणे या अर्थाच्या धातूपासून झालेला. फारसी काव्यशास्त्रात तर दोन भाषांच्या ओळी गुंफून रचलेल्या कवितेला 'मुलम्मा' म्हणतात, म्हणजे तिथे तो दोन रंगांच्या मिलाफाचा गौरवाचा शब्द आहे. मराठीत येऊन तो 'वरवरचा मुलामा' झाला. 'बेगड' म्हणजे मखराला, बाशिंगाला लावायचा चकचकीत पातळ पत्रा. त्यावरून 'बेगडी' म्हणजे खोटा. याउलट 'सोन्याचा धूर', 'घरावर सोन्याची कौले', 'सोन्याचे दिवस' ही सगळी सुबत्तेची चित्रे. गंमत अशी की ही सोन्याची कौले आणि हा सोन्याचा धूर कोणीच पाहिलेला नाही. जे कधी नव्हते ते सोने भाषेत वैभव ठरले आणि जी रोज डोळ्यांसमोर होती ती पितळ आरोपी ठरली.

थर देण्याची कला खोटी होती असेही नाही. जुनी रीत पाऱ्याची. सोने पाऱ्यात कालवून त्याचा लगदा धातूवर चोपडायचा आणि मग तापवायचे. पारा वाफ होऊन निघून जातो, सोने पृष्ठभागाशी घट्ट बसते. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये उमरावांच्या दिवाणखान्यांतली घड्याळे, कपाटांच्या मुठी, दिव्यांचे हात अशाच रीतीने सोनेरी केले जात आणि पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे आयुष्य कमी होई. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने सोन्या-चांदीचा थर देण्याचे पेटंट घेतले आणि ही चकाकी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाने, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८ ते १८३२) काळात, जी चित्रशैली बहरली तिच्यात लाकडी फळीवर उठाव देऊन त्यावर सोन्याचा वर्ख चिकटवला जातो. तोही थरच आहे, पण त्याला कोणी बेगडी म्हणत नाही. कारण तो देवाच्या चित्रावर आहे आणि आपण वर्ख आहोत हे तो लपवत नाही. म्हणजे दोष थराचा नसतो. थराने खालच्या वस्तूविषयी काय सांगितले, हा प्रश्न असतो.

कसब्यात याचे एक बोलके उदाहरण दरवर्षी भाद्रपदात दिसते. गणपतीच्या मखरांना आणि कमानींना जो सोनेरी रंग दिला जातो, त्यातली पारंपरिक सोनेरी पावडर म्हणजे तांबे-जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे पितळेचीच पूड असते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यावर मखराचे साहित्य बदलले, पण सोनेरी रंगाची ओढ गेली नाही. घन रूपात जी पितळ फळीवर प्रामाणिकपणे बसत होती, तिलाच पूड करून पुठ्ठ्यावर सोन्याचे सोंग घ्यायला लावले. इथे मात्र पितळ उघडी पडण्याचा वाक्प्रचार अगदी शब्दशः लागू पडतो.

वाड्यातला पितळी संसार संपला तो एका दिवसात नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे कोसळले. त्यानंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टील आले, गॅस आला, बंबाची जागा विजेच्या गीझरने घेतली, एकत्र कुटुंबे विभागली. लहान खोल्यांत मोठ्या हंड्यांना जागा नव्हती. मग पितळेची भांडी मोडीत घालून त्या बदल्यात स्टीलची घेण्याचा व्यवहार घरोघर झाला. 'मोडीत काढणे' हा आपला वाक्प्रचार याच व्यवहारातला. भांडे वजनावर गेले, भट्टीत वितळले आणि त्याच्याबरोबर काठावरची ती टिंबांची अक्षरेही वितळली. आपण मात्र पाण्याच्या भांड्याला अजून 'तांब्या'च म्हणतो, मग तो स्टीलचा असला तरी चालतो. वस्तू गेली, धातू गेला, नाव तेवढे राहिले.

आणि आता तो रंग परत आला आहे. नव्या न्हाणीघरातल्या सोनेरी नळाची रचना पाहण्याजोगी आहे. चांगल्या प्रतीचा नळ आतून आजही बहुधा पितळेचाच असतो, कारण पाण्याला आणि दाबाला टिकणारा, आटेसूत नीट घेणारा तो भरवशाचा धातू आहे. त्यावर आधी निकेल-क्रोमचे थर आणि मग निर्वात भट्टीत चढवलेला टायटेनियम किंवा झिर्कोनियम यांच्या नायट्राइडचा थर असतो. ह्या अखेरच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. आपला केस त्याच्या कित्येक पट जाड. रंग सोन्याचा, पण त्यात सोन्याचा कण नाही. थर कठीण आहे, काळवंडत नाही, आणि त्याच्या सोबतच्या कागदावर लिहिलेले असते की आम्ल लावू नये, घासणीने घासू नये. म्हणजे चिंच वर्ज्य!

इथे इतिहासाने घेतलेले वळण लक्षात यावे. पूर्वी पितळ उघडी होती आणि हाताच्या श्रमाने ती सोन्यासारखी दिसे. आता पितळ झाकलेली आहे आणि तिला हात लावू नये अशी सूचना आहे. वाक्प्रचारातले दृश्य, जे कसब्याच्या घरांत पूर्वी कधी नव्हते, ते एकविसाव्या शतकात प्रत्यक्षात आले : वर सोनेरी थर, खाली पितळ. फरक इतकाच की वरचा थरही आता सोन्याचा नाही. श्रम वाचले ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु दुरुस्ती गेली, वजनावरची किंमत गेली आणि नाव कोरण्याची जागाही गेली. सोनेरी नळावर कोणी कोणाचे नाव घालीत नाही. ज्याला 'वाड्याचे वैभव' म्हणून विकले जाते, त्यात वाड्यातल्या धातूचा एकही गुण उरलेला नाही. उरला आहे तो कादंबरीतून आणि पडद्यावरून आलेला प्रकाश.

तांबट आळीत हातोड्यांचा आवाज अजून पूर्ण थांबलेला नाही. गेल्या दीड-दोन दशकांत वारसाजतन करणाऱ्या संस्था आणि डिझायनर या कारागिरांकडे वळले. मठारलेले दिवे, पेले, तबके नव्या घरांत जाऊ लागली. तरीही घरटी काम करणारे हात कमी होत चालले आहेत आणि पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायांकडे जात आहे, हेही तितकेच खरे. यात हळहळण्यापेक्षा आपल्यासारख्या भाषेच्या अभ्यासकांना करण्याजोगे एक काम आहे. विद्यार्थ्यांना वाक्प्रचारांचा अर्थ पाठ करायला लावण्याऐवजी, आपापल्या घरात माळ्यावर पडलेले एखादे पितळी भांडे खाली काढून त्याच्या काठावरचा मजकूर उतरवून आणायला सांगावे. कोणाचे नाव, कोणते वर्ष, कोणते निमित्त. अक्षरे पुसट झाली असतील तर तिरप्या उजेडात धरावीत, टिंबे दिसू लागतात. एका वर्गातून चाळीस-पन्नास ओळी सहज जमतील. अनेकांच्या घरी ही भांडी केव्हाच मोडीत गेली असतील. ती केव्हा गेली आणि त्या बदल्यात काय आले, एवढे आजीला विचारून लिहून आणले तरी तो इतिहासच आहे.